कोयता की कुऱ्हाड?

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरास तृतीया विभक्ती शिकविताना दोन उदाहरणे हटकून द्यावी लागतात. एक, तो दात्राने कापतो. दुसरे, तो परशूने तोडतो. ही उदाहरणे आम्हांस आमच्या गुरुजींनी दिली, त्यांस त्यांच्या गुरूंनी दिली, आणि मीही ती चौतीस वर्षे फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेतली. क्रिया तडीस नेण्यास जे सर्वांत अधिक उपकारक ते करण, एवढे सांगून मी पुढच्या विभक्तीकडे वळत असे. एका उदाहरणात ‘लू’ धातू आणि दुसऱ्यात ‘छिद्’ धातू का योजिला आहे, हा प्रश्न कोणा मुलाने मला कधी विचारला नाही. आणि खरे सांगावयाचे तर विचारला असता, तर मला त्याचे उत्तर देता आले नसते. ते उत्तर मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी मिळाले, आणि त्याची खूण माझ्या डाव्या नडगीवर अद्यापि आहे.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरामागे वाडी, तीत नारळ, पोफळी, दोन फणस, काही कलमे आणि आजोबांच्या वेळचा एक रायवळ आंबा. घरात वडील बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असू, वहिनी, मी व माझे कुटुंब असे चौघेच कायमचे. बाकी मंडळी नोकरीधंद्यानिमित्त पुण्यामुंबईस. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि दादांचा मुलगा पुण्याचे बिऱ्हाड आवरून घरी आला. त्याला गडकिल्ले हिंडण्याचा नाद. एके संध्याकाळी त्याने आपली पाठीवरची पिशवी पडवीत रिकामी केली, तेव्हा तीतून दोन हत्यारे निघाली. एक हातभर लांबीचा रुंद पात्याचा सुरा; दुसरी सव्वा फुटी दांड्याची लहानशी कुऱ्हाड. दोन्ही परदेशी घडणीची, चकचकीत, आणि माझ्या मते अकारण महाग.

“काका,” तो म्हणाला, “दोन्हींचे ओझे होते. रानात एकच न्यावयाचे झाले, तर कोणते न्यावे?”

टाळेबंदीच्या दिवसांत वेळ भरपूर आणि विषय थोडे. त्यामुळे हा प्रश्न आमच्या पडवीत पुढे कित्येक आठवडे चघळला गेला. दादांचे मत सुऱ्याच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे असे की, हा सुरा म्हणजे आपल्या कोयत्याचाच चुलतभाऊ. आणि कोकणात ज्याच्या कमरेला कोयता आहे त्याचे कोठे अडत नाही. मी कुऱ्हाडीचा पक्ष घेतला, आणि तो घेताना अमरकोश पुढे केला. अमरसिंहाने कुठार, स्वधिती, परशु आणि परश्वध ही सर्व नावे क्षत्रियवर्गात घातली आहेत. दात्र आणि लवित्र मात्र वैश्यवर्गात, नांगर-कुळवांच्या शेजारी बसविली आहेत. कुठाराचीच पुढे कुऱ्हाड झाली. शिवाय ज्या भूमीत आपण राहतो ती परशुरामाची. चिपळूणजवळच्या डोंगरावर त्याचे देऊळ आहे. आणि त्याच्या नावातच परशु आहे, कोयता नव्हे. माझा हा युक्तिवाद मला फारच बिनतोड वाटला होता. वहिनी आतून म्हणाल्या, “जे जागच्या जागी सापडेल ते चांगले, भावोजी. तुमची मोठी कुऱ्हाड खोपीत कोठे आहे, ते आधी बघा.”

अंगणात मामा नारळ सोलीत बसले होते. मामा म्हणजे आमच्या वाडीचे राबते माणूस. आमचे वडील हयात होते तेव्हापासून ते येतात, आणि घरातील लहानथोर सर्वजण त्यांना मामा म्हणतात. ते वर न बघताच म्हणाले, “गुरुजी, हत्यार कोणचं पण चांगलंच की. पण आधी झाडाला इचारावं लागतं.” आम्ही सर्व हसलो, आणि तो विषय त्या दिवसापुरता मिटला.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. आमच्याकडे पोफळी वाकतात, डुलतात, आणि वारा गेला की पुन्हा उभ्या राहतात. त्या दिवशी त्या काडीसारख्या मोडताना आम्ही खिडकीच्या फटीतून पाहिल्या. नारळ मुळासकट उपटले. छपराची कौले पानांसारखी उडाली. दुपारी उशिरा वारा पडला, तेव्हा आजोबांचा रायवळ आंबा आडवा झालेला होता, आणि घरापासून रस्त्यापर्यंत जी दीडदोनशे पावलांची पाणंद आहे, ती कोठे आहे हेच दिसत नव्हते. वीज गेली, दूरध्वनी गेला, आणि आम्ही देवासमोरच्या समईच्या उजेडात ती रात्र काढली.

पहाटे दादांस धाप लागली. त्यांस दम्याचा जुना विकार; भिंतींतून ओल उतरलेली, सर्व घर पाण्याने भिजलेले. नेहमीचे औषध दिले, त्याने उतार पडेना. डॉक्टरांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकास. त्यांस बोलावण्याची सोय नाही, आणि दादांस तेथे न्यावयाचे तर पाणंदीतून वाट काढल्यावाचून गत्यंतर नाही. उजाडताच मी व पुतण्या बाहेर पडलो. मोठी कुऱ्हाड खोपीत मिळाली, पण तिच्या दांड्यास कीड लागलेली. उचलताच पाते डगडगले. वहिनींचे बोल मला त्या वेळी आठवले. मग मी पुतण्याची लहान कुऱ्हाड घेतली, त्याच्या हाती त्याचा सुरा दिला, आणि आम्ही आंब्याच्या पसाऱ्यावर तुटून पडलो.

‘तुटून पडलो’ हा शब्द मी हेतुपुरस्सर योजिला आहे. आम्ही काही पाहिले नाही, काही ठरविले नाही. समोर जे आले त्यावर घाव घालू लागलो. पुतण्या वीतभर जाडीच्या खोडावर सुरा मारीत होता. पाते लाकडात रुतून बसे, आणि ते उपटून काढण्यातच त्याची निम्मी शक्ती जाई. मी मनगटाएवढ्या लवचीक फांद्यांवर कुऱ्हाड चालवीत होतो. फांदी दबे, झुके आणि पाते तिच्यावरून घसरे. चारसहा घावांत आम्ही दोघेही घामाघूम झालो आणि वाट दोन हातही पुढे गेली नाही. अशातच एका फांदीवर मी सर्व बळ एकवटून घाव घातला. फांदी खाली लवली, कुऱ्हाड तिच्या सालीवरून निसटली, आणि तिचा फेर माझ्या डाव्या नडगीपाशी येऊन संपला. पायावर कुऱ्हाड मारून घेणे हा वाक्प्रचार मी मुलांना वाक्यात उपयोग करावयास असंख्य वेळा दिला होता. त्याचा वाक्याबाहेर उपयोग करण्याची वेळ अशी आली. आता घरात दोन रोगी झाले.

धोतराच्या पट्टीने पाय बांधून मी पायरीवर बसलो होतो, आणि आतून दादांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. त्या अर्ध्या घटकेत माझ्या मनाची जी स्थिती झाली, ती मी येथे वर्णीत नाही. ज्यांनी कधी घरातील माणूस श्वासासाठी झगडताना ऐकिला आहे, त्यांस ती सांगण्याची गरज नाही. आणि इतरांस सांगून कळणार नाही.

तेवढ्यात पाणंदीच्या दुसऱ्या टोकाकडून पाने सळसळल्याचा आवाज आला. मामा होते. त्यांच्या स्वतःच्या घरावरचे सर्व छप्पर गेले होते, हे आम्हांस मागाहून कळले. कमरेला सुती दोरीने बांधलेली लाकडी आकडी, तीत मागे अडकविलेला कोयता, आणि दोन्ही हात मोकळे. त्यामुळे पडलेल्या झाडांवरून आणि खालून ते वाट काढीत येऊ शकले. त्यांनी दादांची चौकशी केली, माझ्या पायाकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता त्या आंब्याभोवती एक पुरा फेरा घातला. आमच्या जिवाची घालमेल चाललेली, आणि हा मनुष्य प्रदक्षिणा घालतो आहे, याचा मला त्या क्षणी रागच आला. परंतु ती प्रदक्षिणा म्हणजेच झाडास विचारणे होते.

पडलेले झाड मेलेले दिसते, पण ते निश्चल नसते. त्याचे खोड काही फांद्यांवर तोललेले असते. काही फांद्या त्याच्या भाराखाली धनुष्याप्रमाणे वाकून अडकलेल्या असतात. आणि उपटलेल्या मुळांचा मातीसह गड्डा खोड हलके होताच उलट खड्ड्यात बसू पाहतो. वाकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ताणलेली असते आणि आतली दबलेली. अशी जाड फांदी ताणलेल्या बाजूने एकदम तोडली, तर ती फाटते आणि सुटून तोडणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून प्रथम दबलेल्या बाजूस थोडी खाच, मग ताणलेल्या बाजूने बेताबेताने घाव, आणि तोडणारा नेहमी फांदी उसळेल त्याच्या विरुद्ध अंगास उभा, असा क्रम ठेवावा लागतो. मामांनी हे शब्दांत सांगितले नाही. “ही राहू दे, हिच्यावर भार हाय, ती आधी काढ,” एवढेच ते पुतण्यास म्हणत गेले. अर्थ मला मागाहून, पाय वर करून पडलो असताना, एकेक आठवून लागला.

मग त्यांचा कोयता चालू लागला. डाव्या हाताने बारीक फांदी ओढून वाकवावी, ताणलेल्या अंगावर तिरपा घाव टाकावा, आणि तोडलेली फांदी कोयत्याच्या वाकड्या चोचीने ओढून बाजूस करावी. मनगटाएवढ्या फांदीस दोन घाव, अंगठ्याएवढीस अर्धा. हात खांद्यातून उचलला जात नव्हता. सर्व काम कोपर आणि मनगट यांतले. ज्या फांद्यांनी मला लोळविले होते, त्या पावघटकेत दूर झाल्या, आणि आत लपलेले वीतभर जाडीचे आडवे खोड उघडे पडले.

तेथे मामांनी कोयता पुन्हा आकडीस लावला. माझ्या हातची रक्ताळलेली कुऱ्हाड धुऊन त्यांनी पुतण्यास दिली. “आता हिचं काम. पन हिकडून नाय, पल्याड उभा ऱ्हा. खोड मधी असलं म्हंजी निसटली तरी खोडात जाईल, पायात नाय.” खोडाच्या जाडीइतकीच रुंद खाच धरून, एकदा डावीकडून तिरपा आणि एकदा उजवीकडून तिरपा, असे घाव पडू लागले. प्रत्येक दोन घावांनी एक जाड ढलपी उडे. अर्ध्या तासात खोड तुटले. दादांस खुर्चीवर बसवून, शेजारच्या दोघांनी खुर्ची उचलून, त्या फटीतून बाहेर नेले. डॉक्टरांनी उपचार केले, दुपारपर्यंत दादांचा श्वास जागेवर आला, आणि त्याच खेपेत माझ्या नडगीला सात टाके पडले.

पुढचे तीन आठवडे मला वाडीत उतरण्याची मनाई होती. मी ओटीवर बसून इतरांचे काम पाहिले, आणि चौतीस वर्षे शिकविलेल्या त्या दोन वाक्यांचा अर्थ लावला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वाडी, शेत किंवा निदान चार झाडांचे परसू आहे, त्यांस तो उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

दोन्ही हत्यारे धारेचीच. भेद आहे तो वजन कोठे ठेवले आहे याचा. कुऱ्हाडीचे बहुतेक सर्व वजन दांड्याच्या टोकास एका लहान पात्यात कोंडलेले असते, आणि ते पाते मागे जाड, पुढे निमुळते, म्हणजे मुळात एक पाचर असते. ते लाकडात शिरते आणि शिरताना तंतूंस दोन्ही बाजूंस फाकविते. म्हणून कठीण, वाळलेल्या, न हलणाऱ्या लाकडास कुऱ्हाड पाहिजे. ओंडके फोडावयास तर तिच्यावाचून दुसरे काही नको. तिच्या मागच्या बोथट बाजूने खुंट ठोकता येतात, हा आणखी एक लाभ. परंतु तिची धार जेमतेम चार बोटे रुंद. नेम चुकला की घाव फुकट. आणि समोरची वस्तू लवचीक असेल, तर पाचर शिरण्याआधीच ती वस्तू मागे सरते.

कोयत्याचे वजन सर्व पात्याच्या लांबीवर पसरलेले असते, आणि पाते पातळ. तो फाकवीत नाही, कापतो. आघाताची शक्ती वजन दुप्पट केल्याने दुप्पट होते, पण वेग दुप्पट केल्याने चौपट होते, हे शास्त्र शाळेत आपण सर्वच शिकलो. कोयता त्या दुसऱ्या वाटेने जातो. तो हलका असल्यामुळे मनगटाच्या झटक्यात वेग घेतो, आणि फांदीस मागे सरण्यास अवसर मिळण्यापूर्वीच आरपार जातो. हिरव्या फांद्या, वेली, झावळ्या, बांबूच्या कोवळ्या काठ्या, राबासाठी तोडावयाचे कवळ, वईचे खुंट टोकदार करणे, नारळ फोडणे, ही त्याची कामे. त्याच्या वाकड्या टोकाने फांदी ओढता येते. सरळ सुऱ्यास ते साधत नाही. परंतु हेच पातळ पाते जाड वाळक्या लाकडात अडकते, आणि उपटताना वाकडेतिकडे पिळले तर धारेचा तुकडा उडतो.

आता त्या दोन धातूंचा उलगडा व्हावा. दात्राने लवन होते, परशूने छेदन होते. धान्य, गवत, पाला, कोवळी डहाळी यांचे लवन, काष्ठाचे छेदन. आमच्या वैयाकरणांनी करण नेमताना आधी क्रिया पाहिली, आणि क्रिया ठरविताना समोरचे कर्म पाहिले. मामा झाडास विचारा म्हणत होते ते हेच. मी मात्र अमरकोशात कोणते हत्यार कोणाच्या पंक्तीस बसले आहे, हे पाहून निवड केली होती.

जगभर लोकांनी हीच निवड आपापल्या रानाप्रमाणे केलेली दिसते. जेथे पाऊस फार, झाडोरा हिरवा आणि दाट, तेथे मोठा सुरा माणसाच्या कमरेला आला. केरळात वेट्टुकत्ती, कोडगूत पाठीस लावावयाची ओडिकत्ती, नेपाळात खुकरी, मलायात पारांग, आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत मशेटी. जेथे थंडी कडक, लाकूड जाड, आणि शेकोटीवाचून रात्र निभत नाही, अशा उत्तरेकडील देशांत कुऱ्हाड घराघरांत आली. आपल्याच महाराष्ट्रात घाट चढून वर गेले की, बाभळीचा पाला शेळ्यामेंढ्यांस तोडून घालणाऱ्या धनगराच्या खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड दिसते, कारण काटेरी झाडाजवळ हात नेता येत नाही. आणि उसाच्या मुलखात तर हत्यारावरून माणसे मोजितात. तोडणीस येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जीव आणि नाव एका हत्याराचे. यात सोय कोणाची आहे आणि विसर कोणाचा पडला आहे, हे वाचकांनी आपल्याशीच विचारून पाहावे.

निवडीचा विचार करताना लहान कुऱ्हाडीविषयी एक गोष्ट मला मुद्दाम सांगितली पाहिजे. ती लहान म्हणून निर्धोक, असा पुष्कळांचा समज असतो, माझाही होता. वस्तुस्थिती उलट आहे. तीन फुटी दांड्याची कुऱ्हाड निसटली, तर बहुधा तिचे पाते पायापुढे जमिनीत जाते. सव्वा फुटी कुऱ्हाडीचा फेर आखूड असल्यामुळे तो तोडणाऱ्याच्या गुडघ्यापाशी किंवा नडगीपाशी पुरा होतो. म्हणून तिने जमिनीवरचे काम करताना गुडघे टेकून बसावे, लाकूड ओंडक्यावर ठेवावे, आणि नेहमी धार व आपले शरीर यांच्या मध्ये लाकूड राहील असे पाहावे. कोयत्यासही हा नियम आहे. पण कोयत्याचा घाव आपण स्वभावतःच अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूस टाकतो. बोथट हत्यार धारेच्या हत्याराहून अधिक घातक असते, कारण ते निसटते आणि त्यास बळ फार लावावे लागते. धारेस कानस आणि सहाण, दोन्ही घरात असावीत. आणि वर्षातून एकदा लोहाराकडून कोयते-कुऱ्हाडी शेवटून घ्याव्यात. आमच्या मामांचा कोयता लोहाराने मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून घडविलेला आहे. त्या परदेशी सुऱ्याच्या तुलनेत त्याची किंमत अगदी किरकोळ, पण धार टिकण्यात तो तिळभर कमी नाही. दांड्यास धामणीचे लाकूड उत्तम. ते चिवट असते आणि घावाचा धक्का हातास लागू देत नाही. पाते सैल झाले की पुष्कळ लोक कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवितात. लाकूड फुगून ते तात्पुरते घट्ट बसते, पण वाळल्यावर पूर्वीहून अधिक सैल होते. नवी पाचर मारणे हाच खरा उपाय.

वादळानंतर वाडी साफ होण्यास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत कोयत्याने किती काम केले आणि कुऱ्हाडीने किती, याचा अंदाज मी ओटीवरून घेत होतो. कोयता रोज, अष्टौप्रहर. कुऱ्हाड अधूनमधून, पण जेव्हा लागे तेव्हा तिच्यावाचून अडून राही. नारळाच्या खोडांनी मात्र दोन्हींस दाद दिली नाही. त्याच्या खोडात आंब्याफणसासारखी वर्षाची कडी नसतात. बाहेरचा थर तंतूंनी भरलेला आणि अतिशय कठीण, आतला गाभा मऊ. त्यास शेवटी यंत्राची करवत आणावी लागली. अर्थात् दोनांतून एक निवडावयाचे असा हट्ट धरला, तर कधी कधी उत्तर तिसरेच निघते.

पुतण्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही त्या काळात आपोआप ठरले. किल्ल्यांवर हिंडावयास जाणाऱ्याने जिवंत झाडास हात लावण्याचे कारणच नाही. त्यास फळे कापण्यापुरता चाकू पुष्कळ झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून हत्यार नेणेच वर्ज्य आहे. आणि शेतीच्या किंवा घरच्या कामासाठी घडविलेली नाहीत अशी नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्रांच्या नियमांत मोडतात. त्याने आपला तो चकचकीत सुरा पुसून पेटीत ठेविला, लहान कुऱ्हाड घरास दिली, आणि स्वतःसाठी गावच्या लोहाराकडून एक कोयता व एक आकडी करवून घेतली. पुण्यास ती न्यावयाची नाही, येथेच खुंटीस ठेवावयाची, असे त्याने ठरविले. पुढे पावसाळ्यात पोफळीची रोपे लावताना तो मामांच्या हाताखाली शिकला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. आमच्या घरी नवमीस हत्यारे पूजावयाची वहिवाट आहे. परंतु ती हत्यारे म्हणजे विळी, आडकित्ता, माझी लेखणी आणि आजोबांच्या वेळची म्यानातच गंजलेली एक तलवार. कोयते, कुऱ्हाडी, पहारी खोपीतच राहत. तेथे मामा काय ते दोन फुले वाहत. त्या वर्षी दादांनी सांगितले की, तलवार राहू द्या, खोपीतली सर्व अवजारे धुऊन देवघरासमोर मांडा. रायवळ आंब्यावर चाललेला कोयता आणि ती लहान कुऱ्हाड शेजारी शेजारी पाटावर ठेविली. वहिनींनी तबक आणून दादांपुढे धरले. दादांनी ते घेतले नाही. दाराशी उभ्या असलेल्या मामांस त्यांनी आत बोलाविले आणि म्हणाले, “मामा, पूजा तुम्ही करा. आम्हांला यातले कोणते कशाचे, तेही ठाऊक नव्हते.”

मामा पन्नास वर्षे आमच्याकडे येत होते. देवघरासमोर मात्र ते त्या दिवशी प्रथमच बसले. त्यांनी आधी कुऱ्हाडीस कुंकू लावले आणि मग कोयत्यास. मी सवयीने विचारले की, हाच क्रम का. ते म्हणाले, “गुरुजी, तुमचं रगत तिनं घेतलंय. तिला आधी शांत कराया नको?”

दादा २०२३ साली गेले. खोपीतली मोठी कुऱ्हाड आता धामणीच्या नव्या दांड्यावर बसली आहे, आणि ती कोठे आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक आहे.